रूथबाईंची बॅटरी

रूथबाई नेवाशाच्या शाळेत पीटी शिकवायच्या. निवृत्तीनंतरही त्यांचा पाय घरात ठरत नसे. छातीत पेसमेकर बसला, तरी रोजचं फिरणं चुकलं नाही.

पण यंदाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "बॅटरी उतरत आलीय. काही महिन्यांनी बदलू."

तेवढ्यानं बाईंचा धीर सुटला. मोबाईल कमी वापरला की जास्त टिकतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फिरणं सोडलं, जिना सोडला, चर्चमध्ये गाणंही सोडलं. दिवसभर खुर्चीत बसून त्या नाडी चाचपत.

"अगं, निदान अंगणात तरी ये," नवरा रॉबिन म्हणे.

"आणि संपली म्हणजे?" त्या खेकसत.

शेवटी कंटाळून तो त्यांना सावेडीच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी छातीवर यंत्र धरून पडद्यावर पाहिलं.

"तुमचा ठोका चुकला, तरच पेसमेकर धक्का देतो. एरवी नुसतं लक्ष ठेवतो. बसून राहिल्यानं बॅटरी वाचत नाही, बाई. आणि ती एकाएकी बंदही पडत नाही, बरंच आधी कळतं. फक्त आतल्या आत चार्ज होत नाही, म्हणून अख्खी पेटीच बदलायची."

"म्हणजे मी उगाच दगडासारखी बसले?" बाई उसळल्या. रिक्षा नाकारून त्या स्टँडपर्यंत झपाझप चालत गेल्या. रॉबिन मागे धापा टाकत होता.

काही महिन्यांनी ठरल्याप्रमाणे पेटी बदलली. डॉक्टर म्हणाले, "ही दहाएक वर्षं सहज जाईल."

"आणि त्यानंतर?"

"पुन्हा बदलू की!"

रॉबिन हसला. बाईंना मात्र हसू आलं नाही. तो चहा आणायला बाहेर पडताच त्या खाटेवरून उठल्या आणि "या दहातला एक दिवसही बसून घालवायचा नाही," असं पुटपुटत व्हरांड्यात येरझारा घालू लागल्या.