विमानासारखी सीट

त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, आणि तो गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा. विमानात बसला होता आयुष्यात दोनदाच, एकदा जाताना आणि एकदा येताना. पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आत्ताच कुठेतरी विमान उतरवून आलाय, अजून हातसुद्धा धुतले नाहीत.

दुकान त्याचं नेमकं विमानांच्या वाटेखाली. डोक्यावरनं घरघर गेली की शिलाई मशीन थांबलंच. गिऱ्हाईक समोर ताटकळतंय आणि हा रस्त्यात उभा, कपाळावर हात, मान वर. बायको म्हणायची, "ह्यांना ढगातलं चाक दिसतं, ताटातलं मीठ दिसत नाही." खोटं नव्हतं ते. मागे एकदा असंच वर बघत बघत त्याने एका गाडीच्या पुढच्या सीटचं कव्हर मागच्या सीटला चढवून दिलं होतं, आणि गाडीवाल्यालाच म्हणाला, "तुमची सीटच वाढलीय."

रविवारी सकाळी दुकानाच्या गच्चीवर विमानवेड्यांचं मंडळ जमायचं. मंडळ कसलं, आखाडाच तो. समोरच्या दुकानातला औषधवाला हा कॅप्टनचा हाडवैरी, म्हणून तर एकही रविवार चुकवायचा नाही. कॅप्टन म्हणणार, विमानात सगळ्यात सुरक्षित जागा शेपटाकडची. औषधवाला म्हणणार, छट्, पंखाजवळची. कुठलं विमान कधी पडलं आणि कोण कुठल्या सीटवरनं वाचलं, दोघांना तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख विचारा, दोघंही बायकोकडे बघणार.

"अरे, शेपूट आधी तुटतं!"

"तुटतं म्हणूनच वाचतं!"

"मग तू बस तुटक्या शेपटात, मी येतो तुला भेटायला. येताना गोळ्या आणतो!"

गणिताचे एक निवृत्त सर होते मंडळात, गरीब स्वभावाचे. ते एकदा म्हणाले, "पंख आणि शेपूट यांच्या मधे बसलं तर?" तेव्हा दोघं मिळून सरांच्या अंगावर धावून गेले.

एकाच बाबतीत दोघांचं एकमत झालं होतं. औषधवाला म्हणाला, "बसच्या सीटला कसले पट्टे? बस काय ढगात शिरते? नुसता देखावा. उलट आग लागली तर माणूस अडकून बसायचा." आणि कॅप्टन म्हणाला, "हे मात्र बरोबर बोललास." अहो, हे दोघं एकमेकांना बरोबर म्हणाले की समजावं, कुणाचं तरी वाटोळं होणार.

कॅप्टनने निदान तोंड सांभाळायला हवं होतं, कारण त्याची थोरली बहीण बस चालवायची. स्वतःची बस, स्वतःच मालकीण, स्वतःच ड्रायव्हर. सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून मोठे लोकसुद्धा. अंगाने काडी आणि आवाज भोंग्याचा. तिची एक रीत होती. प्रवासी बसले की ती इंजिन सुरू न करता मागे तोंड करून उभी राहायची आणि कान द्यायची. खट, खट, खट. सगळ्या सीटवरचे पट्टे लागल्याचा आवाज आला की मगच किल्ली फिरायची. आणि रस्त्यात कुणी पट्टा काढून उठलं तर? ती ओरडायची नाही, ब्रेकही मारायची नाही. मोठ्या आरशात बघायची आणि बस हळू करायची. आणखी हळू. इतकी हळू, की शेजारनं चालणारी माणसं पुढे जायची. उठलेला खाली बसेपर्यंत बसची गोगलगाय. मग बाकीचे प्रवासीच त्याला शिव्या घालून बसवायचे.

लोक भांडायचे तिच्याशी. "बाई, हे काय विमान आहे का?"

"नाही ना! विमान असतं तर गप बांधला असता. तिथे नटलेली मुलगी हसून सांगते म्हणून बांधता, आणि इथे घामेजलेली बाई सांगते तर कमरेला काटे टोचतात होय?"

ही रीत काही तिने हौसेने पाडली नव्हती. एकदा रस्त्यात कुत्रं आडवं आलं, तिने ब्रेक दाबला, आणि पहिल्या सीटवरची म्हातारी गडगडत थेट गिअरपाशी. खुबा मोडला. कुत्रं शेपूट हलवत निघून गेलं. ताई रोज दवाखान्यात जायची. तिला स्कूटरवरनं नेणारा-आणणारा कोण? हाच, आपला कॅप्टन. त्यानंतरच तिने सीटसीटला पट्टे बसवून घेतले. तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं हो. ठाऊक असणं आणि डोक्यात असणं यात फरक असतो, त्याच्या डोक्यात तर चोवीस तास विमानतळ.

आणि त्या दिवसांत त्या विमानतळावर एकच विमान उभं होतं. चार पंख्यांचं जुनं प्रवासी विमान. मंडळात त्याला म्हातारी म्हणायचे. कॅप्टन शाळेत असताना ती रोज शाळेवरनं जायची, आणि हा खिडकीबाहेर डोकं काढून बघायचा म्हणून वर्गाबाहेर उभा राहायचा, तिथनं तर आणखी चांगली दिसायची. सगळं वेड तिथलं. आता दुसऱ्या गावच्या जुन्या धावपट्टीच्या मैदानावर ती शेवटची उडणार होती, सकाळी, एकदाच. एक फेरी मारायची आणि मग कायमची संग्रहालयात. म्हणजे लग्न, पोरं, दुकान, सगळं एका पारड्यात, आणि ही एक फेरी दुसऱ्यात. बायकोला विचारू नका कुठलं पारडं खाली गेलं ते.

मंडळाने जायला ताईचीच बस ठरवली. बसच्या सीट फाटल्या होत्या. कॅप्टन छाती फुगवून म्हणाला, "ताई, त्याआधी बस माझ्याकडे सोड. अशी कव्हरं घालतो की तो औषधवाला बघत राहील." आणि खरंच, काम देखणं केलं त्याने. निळं रेक्झिन, कडेने पांढरी दोरी, डोकं टेकायला पांढरा कपडा. हुबेहूब विमानातली भारीतली सीट. फक्त ते पट्टे मधे यायचे. बक्कल वर आलं की रेक्झिनला चुणी पडायची, ताण बिघडायचा. मग आमच्या पठ्ठ्याने काय करावं? पट्टे आणि बक्कलं पाठ आणि बैठकीच्या फटीत आत ढकलली आणि वरनं कव्हर शिवून टाकलं. दुहेरी टाक्याने. विमानासारखं दिसावं म्हणून विमानात ज्याच्याशिवाय चाक हलू देत नाहीत, तेच गाडून टाकलं! काखेत कळसा म्हणतात तो असा.

आदल्या संध्याकाळी त्याने बस ताईच्या अंगणात लावली. तिने बाहेरनं काचेतून बघितलं आणि म्हणाली, "बरी दिसतेय." ताईच्या तोंडून बरी म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून पदक.

सकाळी मंडळ जमलं. दुर्बिणी, टोप्या, कॅमेरे, सगळा सरंजाम. औषधवाला सीटवरनं हात फिरवत नाक उडवत होता, म्हणजे आवडल्या होत्या. ताई नेहमीसारखी मागे तोंड करून उभी राहिली. कान दिले.

एक खट नाही.

"काय मंडळी, आज हात घरी ठेवून आलात का?"

"पट्टे नाहीत हो ताई," सर म्हणाले.

ताईने पहिल्या सीटच्या फटीत बोटं घातली. बोटं शिवणीवर अडली. ती भावाकडे वळली. "पट्टे कुठायत?"

"आत आहेत."

"आत म्हणजे?"

"सुरक्षित आहेत गं. एकालाही धक्का लावला नाही."

बसमधे कुणीतरी हसलं आणि लगेच गप झालं. ताईने किल्ली काढली, मुठीत घेतली आणि खाली उतरून बसच्या पायरीवर जाऊन बसली. "उसव."

"ताई, आजच्या दिवस..."

"उसव म्हटलं ना."

"अगं उशीर होईल! ती एकदाच उडणार आहे!"

"तुझी म्हातारी उडाली नाही तर तू रडशील. माझी म्हातारी अजून काठी टेकत चालते. तुझ्या विमानात पट्टे शिवून ठेवतात का रे? सांग ना, एवढा कॅप्टन तू."

याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. आता निदान औषधवाल्याने बाजू घ्यावी? तो म्हणाला, "ताई बरोबर बोलतायत. काम करताना डोकं कुठे होतं तुझं?"

"तूच म्हणालास ना, बसला पट्टे म्हणजे देखावा!"

"मी म्हणालो. शिवलास तू."

झालं, मग जे पेटलं! दुसरी बस बघा कुणी म्हणालं, तर कुणी म्हणालं आता या वेळी कुठली मिळणार. कुणी ताईला म्हणालं, बाई, आमच्या जबाबदारीवर चला. ताई म्हणाली, "तुमची जबाबदारी तुमच्या बायकोला दाखवा. काच फुटली की लोक ड्रायव्हरला मारायला येतात." आणि किल्ली पदराच्या गाठीत गेली.

कॅप्टन धावत जाऊन दुकानातनं उसवायचं हत्यार आणि ब्लेडं घेऊन आला. गुडघ्यावर बसला आणि आपल्याच हाताने आपलीच शिवण उसवायला लागला. दुहेरी टाका, मेणाचा दोरा, दर्जेदार काम, निघता निघेना. मंडळ डोक्यावर उभं. "आवर लवकर!" "बायकोच्या साडीला फॉल लावतोयस का?" शेवटी औषधवाल्याने ब्लेड हिसकावलं आणि एका सीटचं रेक्झिन सरळ चरकन फाडलं. पांढरा फोम बाहेर आला. कॅप्टनच्या पोटातनं आवाज निघाला, कुणी त्याचंच पोट फाडल्यासारखा.

"शिवणीतनं काप रे मेल्या, शिवणीतनं!"

"माझ्याकडे चिठ्ठी आली की मी गोळ्या देतो, मला शिवण शिकवू नकोस!"

मग सगळ्यांनीच ब्लेडं घेतली. जसजशी सीट मोकळी व्हायची तसा तिच्यावर कुणीतरी बूड टेकून पट्टा लावायचा आणि दुसऱ्याला म्हणायचा, आता तुझं बघ. नीट, शिवणीतनं उसवलेल्या सीट निवडून लोक बसले. खिडक्या भरल्या. कॅप्टन दुसऱ्यांच्याच उसवत राहिला, आणि त्याच्यासाठी उरली ती डावीकडची, आतल्या बाजूची, अगदी मागची. शेपटाकडची.

बस निघाली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. कॅप्टन पुढच्या आरशात दिसणाऱ्या ताईच्या डोळ्यांकडे असा बघत होता, की दुसरी कुणी असती तर गाडी खड्ड्यात घातली असती. ताईने आरसा जरासाही हलवला नाही.

मैदान जवळ आलं, आणि आवाज आला. आधी छातीत, मग कानात. चार पंख्यांची ती जड, घोगरी घरघर. हा आवाज त्याने झोपेतही ओळखला असता.

"उजवीकडे! उजवीकडे बघा!" औषधवाला ओरडला. अर्थात तो उजव्या खिडकीत होता. "उठली! उठली रे!"

उजवीकडच्या सगळ्या खिडक्या डोक्यांनी भरल्या. कॅप्टनला दिसत होत्या नुसत्या टोप्या. त्याने मान ताणली, वाकला, समोरच्याला म्हणाला, "जरा डोकं घे ना." कुणी कशाला घेतंय? त्याने बक्कलवर बोट दाबलं. पट्टा सुटला. तो उभा राहिला.

आरशातले डोळे त्याच्यावर आले. बस हळू झाली.

"ताई, एकच मिनिट!" तो ओरडला.

बस आणखी हळू. मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाले. समोर रस्त्याकडेला मोठी झाडांची रांग होती. तिथनं पुढे गेलं की मोकळं आकाश आणि म्हातारी वळताना समोरून दिसणार. पण बस गोगलगायीसारखी झाडांमागेच रेंगाळायला लागली. फांद्या, फांद्या, मधेच चकाकणारं काहीतरी.

"खाली बस रे!" औषधवाला किंचाळला. "झाडं आडवी आली! बस ना गाढवा!"

"कॅप्टन, बसा हो," सर म्हणाले, आणि सरांचाही आवाज चढला होता.

कॅप्टन वाकून दोन डोक्यांच्या फटीतनं बघत होता. फांद्यांमधनं एक पांढरं, उंच काहीतरी सरकलं, त्यावर लाल रेघ, आणि गेलं. ते शेपूट होतं. त्याने आणखी एक श्वासभर वाट पाहिली. मग खाली बसला. पट्टा लावला. खट. बसने वेग घेतला, झाडं संपली, आणि उजवीकडच्या सगळ्यांना मोकळ्या आकाशात म्हातारी वळताना पुरेपूर दिसली. ते एकसुरात "आहाहा" म्हणाले. कॅप्टनने समोरच्या सीटवरची आपली पांढरी दोरी बघितली.

मैदानावर पोचेपर्यंत विमान उतरून उभंसुद्धा राहिलं होतं. मंडळ धावत सुटलं. बसमधे दोघंच राहिली.

"जा," ताई म्हणाली. "उभी तरी बघून ये."

"उभं काय बघायचं? उभी बस बघतोयच की सकाळपासून."

"माझ्यावर डाफरू नकोस. शिवलंस तू."

"आणि हळू केलीस तू. झाडांमागे! झाडांमागेच हळू करायची होती?"

"तू झाडांमागे उठलास."

यावर तो आणखी चिडला. ब्लेड घेतलं आणि न उसवलेल्या सीटकडे वळला. ताईला उद्या दुसरी माणसं न्यायची होती, ते त्याला माहीत होतं. थोड्या वेळाने तीही उठली, पदर खोचला आणि मागच्या रांगेतली एक सीट घेऊन बसली. दोरा तिच्याच्याने सुटेना.

"एवढे घट्ट टाके घालतात होय?"

"निघू नयेत म्हणून घातले होते."

"मग बघ आता," ती म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला.

औषधवाला घामाघूम होऊन दारात उभा राहिला, हातात फोन. चेहरा असा फुललेला, की जणू यानेच विमान उतरवलं. "आलाय रे फोटो! वळताना! चारही पंखे, सगळं. दाखवू?"

कॅप्टनने वर पाहिलं नाही.

"अरे बघ की. फक्त शेपूट कापलं गेलंय. ते तू बघितलंयसच म्हणा."

ताई मागनं म्हणाली, "तुम्ही आधी तुम्ही फाडलेल्या सीटचं काय करायचं ते बोला."

औषधवाल्याने फोन तसाच पुढे धरून ठेवला. कॅप्टनचं ब्लेड क्षणभर थांबलं. मग त्याने पुढची शिवण बोटांनी चाचपली, आणि टाका शोधून त्यात टोक घातलं.