सुधीररावांची रेकॉर्ड ब्लॅकपूलला जाते

आम्ही ब्लॅकपूलला गेलो ते समुद्रासाठी नाही, एका रेकॉर्डसाठी. माझे यजमान सुधीरराव, लीड्सचे डोळ्यांचे निवृत्त डॉक्टर, यांना फार वर्षांपूर्वी लीड्समधल्याच एका चॅरिटी शॉपमध्ये साठच्या दशकातली, अमेरिकन सोल संगीताची एक रेकॉर्ड मिळाली. तेव्हापासून ती माझी सवत आहे. गायक कोण, पुढे त्याचं काय झालं, कुणाला माहीत नाही. गाणं अमेरिकेतच आपटलं. आमच्याकडे मात्र दर रविवारी सकाळी ते वाजतंच. मला ते मुळीच आवडत नाही.

शेवटी इथेच जन्मलेल्या आमच्या लेकीने फर्मान काढलं. "बाबा, ब्लॅकपूलला सोल वीकेंड असतो. शनिवारी दुपारी तुमचा रेकॉर्ड न्यायचा, डीजे लावतो. गो अँड फाइंड युअर पीपल!"

अमेरिकेत पडलेली अशी गाणी त्या काळी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणगावांतल्या पोरांनी उचलली आणि त्यांवर रात्र रात्र नाचली. ती पोरं आता पेन्शनीत निघाली, पण नाच काही सुटलेला नाही.

लीड्सहून थेट गाडी आहे, अडीचेक तास लागतात. सीनियर रेलकार्ड विसरू नका. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. सुधीररावांनी एका हाताने खाल्लं, कारण दुसऱ्यात रेकॉर्ड.

"अहो, वर ठेवा ना ती बॅग."

"वर हलते गं. आणि तिथे कुणीच नाचलं नाही तर?"

एवढ्या वर्षांत ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही मी त्यांना असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

किनाऱ्यावर फिश अँड चिप्स जरूर खा, पण भिंतीला पाठ लावून. माझ्या चिप्स एका सीगलने हातातून पळवल्या.

दुपारी एका जुन्या हॉटेलच्या नाचाच्या हॉलमध्ये गेलो. लाकडी फरशी, आणि ढगळ पँट घातलेले एक आजोबा तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरत होते. "कॅरम!" सुधीरराव खूश झाले. बूट घसरायला हवेत म्हणून ही पावडर, असं शेजारच्या मॉरीनबाईंनी सांगितलं. बाई बर्नलीच्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्याही पर्समध्ये पावडरचा डबा होता.

मग आमची रेकॉर्ड लागली आणि फरशी रिकामी झाली. एकूण एक माणूस कडेला जाऊन उभा राहिला. आपल्या मंडळात कुणी कितीही बेसूर गायलं तरी आपण मान डोलावतो, आणि इथे ही वागणूक! सुधीरराव बुटांकडे बघत बसले होते. मला इतकं वाईट वाटलं की आपणच जाऊन नाचावं म्हणून मी उठले. मॉरीनबाईंनी माझा हात धरून खाली बसवलं.

"बस, लव्ह. नवीन गाणं आम्ही आधी ऐकतो. नाचताना नीट ऐकू येत नाही."

मी वर पाहिलं. खरंच, सगळे ऐकत होते. काहींचे डोळे मिटलेले होते.

गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "पुन्हा लाव!" दुसऱ्यांदा सुई टेकली तेव्हा फरशीवर उभं राहायला जागा नव्हती. मॉरीनबाई तर गिरक्या घेत होत्या. सुधीरराव नाचले नाहीत, रडले. मीही थोडी रडले.

संध्याकाळी डीजेने विचारलं, "ही इथे राहील का? दर महिन्याला लावीन." नातवालाही हात लावू न देणाऱ्या माझ्या नवऱ्याने ती लगेच देऊन टाकली. परतीच्या गाडीत मला म्हणाले, "घरी काय, ऐकणारा मी एकटाच होतो."

पुढच्या रविवारी मी पोहे परतत होते. घर फारच गप्प वाटलं.

"अहो, ते तुमचं लावा ना."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "तुला आवडत नाही ना?"

"नाहीच आवडत. पण लावा."

"त्यासाठी आता ब्लॅकपूलला जावं लागेल," ते म्हणाले. मी गॅस बारीक केला आणि तिकिटं काढायला बसले.