रविवारचे जोडे

माझा काका मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात जोडे शिवायचा. आजारानं ज्यांच्या तळपायाची जाणीव गेलेली, त्यांच्यासाठी मऊ रबराचे जोडे. खिळा रुतला तरी त्यांना कळत नाही, म्हणून जोड्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. काकूही तिथलीच जुनी रुग्ण. तिचा येशूवर फार जीव, काका मात्र चर्चची पायरी चढायचा नाही. त्यावरून दोघांचं रोज वाजायचं.

चर्चमध्येही जोडे काढू नका, हे लोकांच्या गळी उतरवताना काकाच्या नाकी नऊ आले होते. तेवढ्यात परदेशातून नवा पाद्री आला. माणूस मोठा गुणाचा. इथले लोक देवापुढे अनवाणी जातात असं त्यानं ऐकलं आणि आदरानं आपले बूट दाराशी काढले. झालं! त्याचं बघून सगळ्यांनी काढले. खडबडीत फरशीनं काकूची टाच सोलली, जखम चिघळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडापर्यंत गेली तर पाय कापावा लागेल."

काका तडक पाद्र्याच्या खोलीत शिरला. "तुमच्या आदरापायी माझ्या बायकोचा पाय जाईल!"

पाद्र्याचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारी तो बूट घालून दारात उभा राहिला. "माझं चुकलं. जोडे घालूनच या. देवाला चालतं."

"मला नाही चालत," काकू म्हणाली. "संडासात जाऊन आलेल्या जोड्यांनी मी त्याच्यासमोर जाऊ?"

काका चिडला. "मग काय, जमिनीला न लागलेले कोरे जोडे शिवू तुझ्यासाठी?"

"शिवा की."

काकानं दोन दिवस धुसफूस केली. पण जोडे शिवले. मग सगळ्यांनाच तसे हवे झाले. पाद्र्यानं भजनाच्या पुस्तकांचं कपाट रिकामं करून दिलं. रविवारचे जोडे तिथंच राहायचे, बाहेर जायचे नाहीत. काकूची बोटं वाकडी, तिला बंद बांधता येईनात. म्हणून काकाला आत जावं लागलं. आपल्या चपला मात्र त्यानं दाराशी काढल्या.

जखम हळूहळू भरत आली. एका रविवारी चर्चमध्येच डॉक्टरीणबाईंनी टाच दाबून पाहिली. "सुकली. पाय वाचला."

काका मटकन बाकावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

"आता बसलाच आहात तर बसा थोडं," काकू म्हणाली.

"बंद बांधून होईपर्यंत बसतो," काका डोळे पुसत म्हणाला.

त्या दिवसापासून ते बंद बांधायला त्याला अख्खी प्रार्थना लागते.