सामाईक संगणकावरचा रुमाल

विषय : सामाईक संगणकावर काम करण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : कु. सुजाता, राहणार बेळगुंदी, यांचा अर्ज.

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, बेळगावच्या एका संशोधन संस्थेत आवक-जावकच्या टेबलावर माझी सारी नोकरी झाली. निवृत्तीच्या दिवशी माझ्याकडून कपाटाच्या चाव्या, शिक्के आणि स्टेपलर सही घेऊन परत घेतले. किस्से कुणी मागितले नाहीत, त्यामुळे ते घरी आले. आता चहाला माणूस आला की एकेक बाहेर पडतो.

*

संस्थेत एक मोठा संगणक आहे. सगळ्या विभागांत मिळून एकच. त्यावर कोण काम करणार, हे तो सांभाळणारा महांतेश ठरवायचा. म्हणजे जो त्याच्या टेबलासमोर जास्त वेळ उभा राहील तो. वैतागून महांतेशनंच एक सॉफ्टवेअर शोधून काढलं. अर्ज त्यातच करायचा, महांतेशनं त्यातच मंजूर करायचा, ज्याला त्याला तास वाटून मिळणार. वर ते ओपन सोर्स, म्हणजे जगभरच्या लोकांनी लिहून कुणालाही वापरायला मोकळं ठेवलेलं.

संचालकसाहेबांनी चष्मा काढला. "बिल नाही?"

"नाही सर."

"मग बिघडलं तर दम कुणाला द्यायचा?"

 उत्तरही साहेबांकडेच होतं. त्यांनी फाइलवर शेरा मारला : 'बिघडल्यास जबाबदारी श्री. महांतेश यांची.' सॉफ्टवेअर बसलं.

*

आता कागदाचा खर्च वाचणार, असं सगळे म्हणू लागले. आठवड्यात परिपत्रक निघालं : सॉफ्टवेअरमध्ये भरलेला अर्ज छापावा, त्यावर मार्गदर्शकांची सही घ्यावी, आवकचा शिक्का मारावा, आणि स्कॅन करून त्याच सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा चढवावा.

पहिला कागद घेऊन सुजाता आली. कणकुंबीच्या जंगलात पडलेलं पाणी कुठून कसं खाली जातं, याचं गणित ती मांडत होती. साध्या संगणकावर ते म्हातारपणापर्यंत चाललं असतं, आणि पीएचडीची नोंदणी या मेअखेर संपते. मोठ्या संगणकावर तास मिळाले तर प्रबंध, नाहीतर इतक्या वर्षांचं काम घरी.

"अण्णा, आत भरलेलं बाहेर काढायचं, आन् परत आत घालायचं?"

"व्हय."

"हिंडलग्याच्या जेलात जायला एवढं लागत न्हाय."

"तिथं जागा असती गं," मी शिक्का मारत म्हणालो.

जागा खरंच नव्हती. अर्ज पाहून महांतेशनं तिला सांगितलं, "ताई, इतरांचे थोडेफार सोडले तर वर्षभराचे सगळे तास निपाणीच्या सरांनी घेतलेत. वर्ष संपलं की पहिला नंबर तुमचा."

*

निपाणीकडचे हे प्राध्यापक रोज बसनं येत. बस थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची, ही आपल्याकडची रीत. सरांचा त्यात हातखंडा. संगणकावर त्यांनी तेच केलं. तास वापरले नाहीत म्हणून पुढच्या वर्षी कमी व्हायला नकोत, यासाठी एक प्रोग्रॅम लावून दिला. तो एकपासून एक कोटीपर्यंत आकडे मोजायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. रविवारीसुद्धा.

महांतेशनं त्यांना गाठलं. "सर, यातून निघतं काय?"

"काय निघायला पाहिजे? जागा धरून ठेवलीय. माझं संशोधन चढलं की उठवतो त्याला."

सुजाता रांगेत आणि सरांचा रुमाल खुर्चीत, असं वर्ष गेलं.

पण ते सॉफ्टवेअर फार प्रामाणिक. कुणी किती तास वापरले, याचा रंगीत आलेख ते दर महिन्याला काढायचं. आलेखात निपाणीचे सर आभाळाला भिडलेले. साहेबांनी तो मोठा करून छापला आणि वार्षिक सभेत सरांना शाल-श्रीफळ दिलं. सन्मानपत्रावर मजकूर होता : 'अखंड संशोधनाबद्दल'. मोजून देताना शिपायाला एक नारळ जास्त सापडला, तोही सरांनीच नेला.

*

शेवटचा किस्सा माझ्या निवृत्तीच्या महिन्यातला. वर्ष संपलं होतं, सरांचे तास सुटले होते. महांतेश सुजाताला म्हणाला, "उद्या सकाळी आल्या आल्या तुमचा अर्ज मंजूर करतो."

त्याच दुपारी सॉफ्टवेअरनं साहेबांना वार्षिक प्रश्न विचारला : परवानगी मिळालेल्यांपैकी ही माणसं अजून हवीत का? साहेब एकेका नावापुढचे तास बघत यादीच्या तळाशी आले. एका नावापुढे शून्य तास.

"वर्षभरात एक तास काम नाही?" असं म्हणून साहेबांनी ते नाव काढून टाकलं. नाव महांतेशचं होतं. तो इतरांना तास द्यायचा, स्वतःसाठी घ्यायचा नाही.

सकाळी महांतेश धावत केबिनमध्ये गेला. मागोमाग सुजाता, आणि फाइल घेऊन मी.

"सर, मंजुरी माझ्या नावानं चालते. मी आतच जाऊ शकत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, सर्व्हरवरनं मागच्या दारानं करतो."

"मागच्या दारानं? या संस्थेत? रीतसर अर्ज करा."

महांतेशनं रीतसर अर्ज केला. छापला, सही घेतली, मी शिक्का मारला, सुजाताच्या लॉगिनवरून चढवला.

पंधरवड्यानं साहेबांनी विचारलं, "अजून झालं नाही? कुणाच्या मंजुरीसाठी थांबलंय?"

"माझ्या, सर."

"म्हणजे तुम्ही एका कर्मचाऱ्याचा अर्ज अडवून बसलाय?"

मेमो निघाला : 'श्री. महांतेश यांच्या अर्जावर श्री. महांतेश यांनी कार्यवाही का केली नाही, याचा लेखी खुलासा करावा.'

मागच्या आठवड्यात पेन्शनच्या कामासाठी संस्थेत गेलो होतो. सरांचा प्रोग्रॅम थांबवायलाही महांतेशचंच नाव लागतं, म्हणून संगणक चालू होता, आकडे मोजत होता. महांतेशचा अर्ज महांतेशकडे आहे. सुजाताचा अर्ज त्याच्या खाली आहे. प्रलंबित.