हॉर्न वाजवला की वायपर

चोरीची गाडी शोधायची म्हणजे सायरन आणि पाठलाग, असं आमच्या घरीसुद्धा वाटतं. प्रत्यक्षात मी आणि हवालदार गजूभाऊ अमरावती-अकोल्यातली गॅरेजं आणि जुन्या गाड्यांची दुकानं फिरतो आणि त्यांची रजिस्टरं वाचतो. चोर कमी सापडतात, किस्से मात्र पोतंभर!

नांदगाव पेठला एका दुकानदाराच्या रजिस्टरमध्ये रकाना होता, 'गाडी कशी आली?' कोणाकडून, कोणत्या कागदावर, हे लिहायचं. पठ्ठ्याने पानभर लिहिलेलं, 'चालत.' एकाच गाडीपुढे, 'ढकलत!'

गजूभाऊ भडकले, तर म्हणतो, "मंग खोटं कावून लिहू साहेब?"

दुसऱ्याने लिहिलेलं, 'गाडी भेटली.' त्या दिवशी सोबत आलेले आमचे नवे साहेब पुण्याचे. "भेटली म्हणजे? रस्त्यात?"

"भेटली म्हून तं घेतली नं, साहेब!"

साहेबांना वाटलं, गुन्हा कबूल! त्याला थेट जीपमध्येच बसवलं. आमच्याकडे 'मिळाली'ला 'भेटली' म्हणतात, हे पटवताना तीन चहा झाले.

वलगावच्या एका रिटायर्ड गुरुजींची कार चोरीला गेली होती. काकूंचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नाही. दर पौर्णिमेला रिद्धपूरला दर्शनाला जायच्या त्या याच कारने. तीन पौर्णिमा हुकल्या. रोज सकाळी गुरुजींचा फोन, "भेटली का?" 'नाही' म्हणताना मला फार वाईट वाटायचं.

तक्रारीत त्यांनी लिहिलेलं, 'ओळखीची खूण: हॉर्न वाजवला की वायपर फिरतो.' सगळं ठाणं हसलं. खरं सांगतो, सगळ्यात जास्त मीच!

मग अकोल्यात रफीकभाईंचं गॅरेज तपासलं. ते गिऱ्हाइकाची तक्रार शब्दशः उतरवतात. 'बायको बसली की आवाज करते' वाचून आम्ही खिदळत होतो. पुढच्याच ओळीत, 'पांढरी कार. हॉर्न दाबला की वायपर फिरते. दुरुस्ती उद्या.'

नंबर वेगळाच होता. पण रफीकभाईंचा 'उद्या' पंधरा दिवस उजाडला नव्हता, म्हणून कार मागेच उभी होती. गजूभाऊंनी हॉर्न दाबला. वायपर फिरला! चेसिस नंबर ताडला, गुरुजींचीच!

कागदपत्रं झाली आणि गुरुजी काकूंना घेऊन ठाण्यात आले. नेमकी पौर्णिमा. काकू पुढच्या सीटवर बसल्याही. साक्षीसाठी आलेले रफीकभाई पाना काढून म्हणाले, "गुरुजी, पाच मिनटात वायपर ठीक करून देतो."

गुरुजी बॉनेटवर आडवेच झाले.

"हात नोको लावू! पुन्हा चोरीले गेली तं भेटन कशी?"