खोक्यासकट कुंदा

खडेबाजारातल्या माझ्या मिठाईच्या दुकानात वजनमापं खात्याचे एक साहेब कुंदा न्यायला यायचे. येताना घरचा स्टीलचा डबा आणायचे. तो रिकामा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला लावायचे आणि कुंदा भरेपर्यंत हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. काट्याच्या ताटलीला आपलं बोट लागलं, असं कुणी म्हणू नये! मी त्यांना चिक्कू समजून मनात हसायचो.

गेल्या महिन्यात ते डब्याऐवजी पावतीबुक घेऊन आले.

"अण्णा, तुमचा खोका ठेवा बघू. रिकामाच."

माझा खोका जाड, सोनेरी. काट्यानं पासष्ट ग्रॅम दाखवले. एवढा पुठ्ठा मी वर्षानुवर्षं कुंद्याच्या भावानं विकत होतो. तो डबा मला काय सांगत होता, ते तेव्हा डोक्यात शिरलं. साहेबांनी दंड केला आणि वर पैसे मोजून पावकिलो कुंदाही घेतला.

"कुंदा मात्र चांगला असतोय तुमचा."

आता मी खोक्याचं वजन आधी वजा करतो. परवा शहापूरच्या एक आक्का म्हणाल्या, "अण्णा, हल्ली लई सढळ हातानं देतासा की!"

शेजारीच साहेब हात पाठीमागं बांधून उभे होते. तरी माझ्या तोंडून गेलंच, "सवयच हाय आक्का आमची, पहिल्यापासनं."