बोटांची सूज बघणारी बाई

अगं शालन, ये, जवळ बस. तुझी लेक अंग दुखतंय म्हणती, गप्प बसती, आणि तू तिला नाटकी म्हणतीस. हे बरं न्हाय.

परवा बारामतीच्या एसटीत शेजारी एक बाई होती. सांधेवात झालेल्या लेकीला दवाखान्यात नेत होती. पोर पंधराची. बाईनं तिचं एकेक बोट दाबून सूज बघितली आणि हळूच विचारलं, "आज जीव नकोसा वाटला का गं?"

मी म्हणाले, "असलं तोंडातनं काढू नये, बाई."

"मावशी, या वयात अंगातल्या सुजेनं मनबी खचू शकतं, डॉक्टर म्हणाले. बोटं मी रोज बघती, मग हे का न्हाय विचारायचं?"

पोर म्हणाली, "वाटलं. पण कालच्यापेक्षा कमी."

"बरं. हेबी डॉक्टरांना सांगू."

तूही आज लेकीला असंच विचार. आणि रविवारी दोघी माझ्याकडं या.